नादुरुस्त रेकॉर्डरमधील मुद्रित कार्यक्रमांची पुनर्प्राप्ती आणि प्रादेशिक इतिहासाची साधने : बीड जिल्ह्याच्या संदर्भात एक अभ्यास

प्रस्तावना

इतिहासाच्या साधनांची चर्चा करताना आपल्याकडे शिलालेख, ताम्रपट, सनदा, बखरी, पत्रव्यवहार आणि वृत्तपत्रे असा क्रम सामान्यतः सांगितला जातो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या क्रमात दूरचित्रवाणीची भर पडली. निवडणुका, दुष्काळ, भूकंप, आंदोलने, जत्रा आणि लोककला यांची हलती चित्रे घराघरांत पोहोचली. काही घरांत ती व्हिडिओ कॅसेटवर आणि पुढे हार्ड डिस्क असलेल्या रेकॉर्डरमध्ये मुद्रित करून ठेवली गेली. बीड तालुक्यातील लिंबागणेश हे गणपतीच्या देवस्थानासाठी परिसरात ओळखले जाणारे गाव. अशा गावाच्या परिसरातील घटनांची हलत्या चित्रांतील नोंद शोधू गेल्यास शासकीय अभिलेखागारापेक्षा एखाद्या घरातील जुन्या कॅसेटकडे किंवा बंद पडलेल्या सेट-टॉप बॉक्सकडे वळावे लागण्याचा संभव अधिक आहे. यंत्र बंद पडले की ते भंगारात जाते आणि त्याबरोबर त्यातील मुद्रणही जाते. हे मुद्रण खरोखरच नष्ट झालेले असते काय, नसल्यास ते कोणत्या मार्गाने परत मिळू शकते आणि इतिहास-अभ्यासकाने त्याकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, याचा विचार प्रस्तुत शोधनिबंधात केला आहे.

संशोधनाची उद्दिष्टे

१. महाराष्ट्रातील चित्रपट व दूरचित्रवाणी मुद्रणांच्या ऱ्हासाचा व पुनर्प्राप्तीचा ऐतिहासिक आढावा घेणे.
२. हार्ड डिस्कवरील मुद्रित कार्यक्रम नाहीसे होण्याची कारणे व ते परत मिळविण्याची पद्धती समजून घेणे.
३. घरगुती मुद्रणाचे प्रादेशिक इतिहासाचे साधन म्हणून मूल्य तपासणे.

गृहीतक व अभ्यासपद्धती

मुद्रित कार्यक्रम वाचण्यासाठी चार गोष्टी एकत्र असाव्या लागतात : साठवणीचे द्रव्य, ते वाचणारे यंत्र, त्यातील संकेत उलगडणारी किल्ली आणि काय कोठे आहे हे सांगणारी नोंद. मुद्रण हरवते ते बहुधा द्रव्य नष्ट झाल्यामुळे नव्हे, तर या चारांपैकी एखादा दुवा तुटल्यामुळे, हे या अभ्यासाचे गृहीतक आहे. त्यासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रकाशित माहितीचा आधार घेतला आहे.

विषय-विवेचन

१. दप्तरांची परंपरा

खासगी घरांतून इतिहासाची साधने बाहेर काढण्याची मोठी परंपरा महाराष्ट्रात आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध झाला, तो वाई येथील एका घराण्याकडे मिळालेल्या कागदपत्रांच्या आधारे. या मालेचे पुढे एकूण २२ खंड झाले. १९१० मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाने हेच कार्य संस्थेच्या रूपाने चालविले. माळ्यावरची रुमाले वाळवीच्या आणि रद्दीवाल्याच्या हाती जाण्यापूर्वी सोडविणे, हे त्या पिढीचे मुख्य काम होते. कागद हाती आला तरी काम संपत नसे. तो मोडीत असे आणि मोडी वाचणारा माणूस लागे. द्रव्य शाबूत असूनही किल्लीअभावी मजकूर मुका राहतो, हा अनुभव संगणकयुगाच्या पुष्कळ आधीचा आहे.

बीड जिल्ह्यातच याच्या उलट टोकाचे उदाहरण आहे. अंबाजोगाई येथील संतकवी दासोपंत (इ. स. १५५१ ते १६१५) यांची 'पासोडी' म्हणजे सुमारे ४० फूट लांब व ४ फूट रुंद कापडावर लिहिलेली रचना होय. ती वाचण्यास डोळे, उजेड आणि लिपीचे ज्ञान एवढे पुरते. चारशे वर्षांपूर्वीचे कापड आजही वाचता येते आणि पंधरा वर्षांपूर्वीची हार्ड डिस्क वाचता येत नाही. टिकाऊपणा हा केवळ द्रव्याचा गुण नसून वाचनासाठी किती मध्यस्थ लागतात यावर तो अवलंबून असतो, हे या तुलनेतून स्पष्ट होते.

२. चित्रपटाची फीत : अर्धवट उरलेला आरंभ

हलत्या चित्रांच्या ऱ्हासाची कथा महाराष्ट्रात पहिल्या चित्रपटापासूनच सुरू होते. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये प्रदर्शित झाला. चार रिळांच्या या चित्रपटाची केवळ पहिली व शेवटची रिळे उपलब्ध असल्याचे मानले जाते. ती रिळेही १९१३ च्या मूळ चित्रपटाची नसून फाळके यांनीच १९१७ मध्ये काढलेल्या दुसऱ्या आवृत्तीची असावीत, असे काही अभ्यासकांचे मत आहे. द्रव्य हाती आहे, पण नोंदीचा दुवा सैल असल्याने ओळखच वादग्रस्त ठरली. १४ मार्च १९३१ रोजी प्रदर्शित झालेल्या 'आलम आरा' या पहिल्या भारतीय बोलपटाची तर एकही प्रत आज ज्ञात नाही. याउलट, प्रभात कंपनीचा १९३२ चा 'अयोध्येचा राजा' आजही पाहता येतो.

१९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. तेथे १९६५ मध्ये रुजू झालेले पी. के. नायर यांनी पुढील अडीच दशके देशभर फिरून फिती गोळा केल्या. निर्माते, वितरक, चित्रपटगृहांचे मालक आणि कलावंतांचे वारस यांच्याकडून त्या मिळविण्याचे त्यांचे काम राजवाड्यांच्या परंपरेतलेच होते. जुन्या फिती नायट्रेटच्या असत. त्या सहज पेट घेत. फितीतील चांदी काढून घेण्यासाठीही अनेक चित्रपट नष्ट केले गेले. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात लागलेल्या आगीत नायट्रेट फितींचा मोठा साठा जळाला. संस्थेच्या कपाटात वस्तू पोहोचली म्हणजे ती कायमची वाचली असे नव्हे. दुसरी प्रत दुसऱ्या ठिकाणी असावी लागते, हा धडा या घटनेने दिला.

३. दूरचित्रवाणी : पुसली गेलेली फीत

भारतात दूरचित्रवाणीचा प्रारंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत झाला. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. 'गजरा', 'चिमणराव', 'आमची माती आमची माणसं' यांसारख्या कार्यक्रमांनी मराठी प्रेक्षक घडविला. मराठवाड्यातील प्रेक्षकांपर्यंत दूरदर्शन पोहोचविण्यात अंबाजोगाई येथील उच्च शक्तीच्या प्रक्षेपण केंद्राचा वाटा होता.

आरंभीच्या काळात बरेचसे कार्यक्रम थेट प्रसारित होत आणि जे मुद्रित होत त्यांच्या फिती महाग असल्याने पुन्हा वापरल्या जात. एका कार्यक्रमावर दुसरा मुद्रित झाला की पहिला संपला. ही केवळ आपल्याकडची स्थिती नव्हती. ब्रिटनमध्ये बीबीसीने १९६० व ७० च्या दशकांत असंख्य कार्यक्रम पुसले. त्यांपैकी 'डॉक्टर हू' या मालिकेचे हरवलेले ९ भाग २०१३ मध्ये नायजेरियातील जोस येथे सापडल्याचे जाहीर झाले. परदेशी प्रसारणासाठी पाठविलेल्या प्रती तेथे पडून होत्या. अपोलो ११ या चांद्रमोहिमेच्या मूळ फिती पुसून पुन्हा वापरल्या गेल्या असाव्यात, असा निष्कर्ष नासाने २००९ मध्ये काढला आणि प्रसारणाच्या वेळी इतरांनी मुद्रित केलेल्या प्रतींवरून चित्रांचे पुनरुज्जीवन करावे लागले. अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील मेरियन स्टोक्स यांनी १९७० च्या दशकापासून २०१२ पर्यंत घरी मुद्रित केलेल्या सुमारे ७० हजार कॅसेट पुढे इंटरनेट आर्काइव्हकडे सोपविण्यात आल्या. मूळ मालकाने गमावलेले दूरवरच्या प्रतीतून किंवा एखाद्या घरातून परत मिळते, हे सूत्र या उदाहरणांतून दिसते.

४. ९० दिवसांची स्मृती

खासगी वाहिन्यांच्या आगमनानंतर प्रश्न सुटला नाही, त्याचे स्वरूप बदलले. १९९९ मध्ये अल्फा मराठी, २००० मध्ये ईटीव्ही मराठी आणि २००७ नंतर मराठी वृत्तवाहिन्या सुरू झाल्या. बीड जिल्ह्याशी संबंधित घटनांचे दीर्घ थेट प्रक्षेपण प्रथमच होऊ लागले. ३ जून २०१४ रोजी गोपीनाथ मुंडे यांचे दिल्लीत अपघाती निधन झाले आणि दुसऱ्या दिवशी परळी येथे अंत्यसंस्कार झाले. त्या दोन दिवसांचे प्रक्षेपण जिल्ह्याच्या राजकीय व सामाजिक इतिहासाचे महत्त्वाचे साधन आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी नेण्यात आले, त्या दुष्काळाचे वार्तांकन किंवा ऊसतोड कामगारांच्या स्थलांतरावरील वृत्तांत यांबाबतही हेच म्हणता येईल.

हे सर्व जपण्याची जबाबदारी कोणाची? १९५४ च्या ग्रंथप्रदान अधिनियमानुसार प्रकाशित पुस्तके आणि १९५६ च्या दुरुस्तीनुसार वृत्तपत्रेही ठरावीक सार्वजनिक ग्रंथालयांकडे पाठविणे बंधनकारक आहे. दूरचित्रवाणी कार्यक्रमांना तो लागू नाही. वाहिन्यांच्या परवानगीविषयक मार्गदर्शक तत्त्वांत प्रसारित मजकुराची नोंद ९० दिवस ठेवण्याची अट आहे, पण तिचा हेतू देखरेखीचा आहे, जतनाचा नव्हे. फ्रान्समध्ये १९९२ च्या कायद्याने रेडिओ व दूरचित्रवाणी कार्यक्रम राष्ट्रीय संस्थेकडे जमा करणे सक्तीचे झाले. तशी तरतूद नसल्याने आपल्याकडे वाहिनीचे नाव, मालकी किंवा धोरण बदलले की तिच्या जुन्या मुद्रणांचे भवितव्य तिच्या मर्जीवर राहते. साहजिकच घरातील प्रतीचे मोल वाढते.

५. कॅसेटपासून हार्ड डिस्कपर्यंत

दूरचित्रवाणीसाठी व्यवहारात वापरता येईल असा पहिला फीत-मुद्रक अमेरिकेतील अँपेक्स कंपनीने १९५६ मध्ये आणला. आयबीएमने हार्ड डिस्क असलेला पहिला संगणक जाहीर केला तोही त्याच वर्षी. ही दोन तंत्रे घरगुती दूरचित्रवाणीसाठी एकत्र यायला १९९९ साल उजाडले. भारतात हार्ड डिस्क असलेले सेट-टॉप बॉक्स २००८ च्या सुमारास बाजारात आले. १६० जीबीच्या डिस्कवर साध्या प्रतीचे चित्र सेकंदाला ४ मेगाबिट या दराने साठविल्यास सुमारे ९० तासांचे कार्यक्रम मावतात. तीन तासांच्या तीस कॅसेटचे काम तळहाताएवढ्या डिस्कने केले.

मात्र नाशाचे स्वरूपही बदलले. कॅसेटला बुरशी लागली किंवा ती चुरगळली, तर काही सेकंदांचे चित्र बिघडते. उरलेले शिल्लक राहते. चित्रपटाची दोन रिळे गेली तरी दोन उरतात. हार्ड डिस्कवर कार्यक्रमांची सूची एका छोट्या भागात असते. तो भाग वाचता आला नाही, तर ९० तासांचा संग्रह रेकॉर्डरला रिकामा दिसतो. कॅसेट हळूहळू म्हातारी होते. डिस्क एका दिवसात मुकी होते.

६. पुनर्प्राप्तीची पद्धती

रेकॉर्डर बंद पडला म्हणजे डिस्क बिघडलीच असे नसते. विजेचा चढउतार, धूळ व उष्णता यांमुळे पुष्कळदा वीजपुरवठ्याचा भाग निकामी होतो आणि डिस्क शाबूत राहते. म्हणून पहिली पायरी निदानाची आहे. डिस्कमधून खडखड किंवा टकटक आवाज येत असल्यास बिघाड आतील वाचनशीर्षाचा असू शकतो. अशी डिस्क पुन्हा सुरू करणे घातक असते व ती तज्ज्ञांच्या धूळमुक्त प्रयोगशाळेतच उघडावी लागते.

दुसरी पायरी संयमाची. हे रेकॉर्डर सुरू होताच चालू वाहिनीचे चित्र आपोआप डिस्कवर साठवू लागतात, जेणेकरून प्रेक्षकाला कार्यक्रम मध्येच थांबविता यावा. त्यामुळे 'चालते का पाहू' म्हणून यंत्र सुरू ठेवणे म्हणजे सूचीतून निसटलेल्या जुन्या मुद्रणावर नवे लिहिण्याचा धोका पत्करणे होय. 'डिस्क फॉरमॅट करावी काय?' या प्रश्नाला होकार देणे हा दुसरा धोका. बहुतेक वेळा त्यामुळे केवळ सूची पुसली जाते व मजकूर खाली शिल्लक असतो, परंतु त्यानंतरचे प्रत्येक लेखन तो झाकत जाते.

तिसरी पायरी प्रतीची. डिस्क बाहेर काढून संगणकाला जोडावी व तिच्यावर काहीही न लिहिता तिची कणाकणाने नक्कल दुसऱ्या मोठ्या डिस्कवर घ्यावी. जीएनयू डीडीरेस्क्यू ही मुक्त संगणकप्रणाली यासाठी वापरली जाते. ती आधी सहज वाचता येणारे भाग उचलते, अडणारे भाग मागे ठेवते आणि काय मिळाले व काय राहिले याची नोंद ठेवते. मोडकळीस आलेल्या पोथीची सुटी पाने प्रथम उतरवून घ्यावीत आणि चिकटलेली नंतर सोडवावीत, तसाच हा क्रम आहे. पुढील सर्व काम नकलेवर करावयाचे. मूळ डिस्कला हात लावावयाचा नाही.

चौथी पायरी वाचनाची. अनेक रेकॉर्डर लिनक्समधील किंवा उत्पादकाची स्वतःची रचना वापरतात. त्यामुळे नेहमीच्या संगणकाला ती डिस्क कोरी वाटते. तथापि प्रसारणाच्या प्रवाहाला स्वतःची एक लय असते. एमपीईजी प्रवाह १८८ बाइटच्या पुडक्यांत विभागलेला असतो आणि प्रत्येक पुडक्याच्या आरंभी एकच ठरलेली खूण असते. सूची नष्ट झाली तरी ही खूण दर १८८ बाइटनंतर शोधत गेल्यास कार्यक्रमांचे तुकडे वेगळे काढता येतात. त्यांना शीर्षक व तारीख नसते. ती चित्रातील मजकूर, निवेदन आणि तत्कालीन वृत्तपत्रे यांच्या आधारे अभ्यासकाला ठरवावी लागते. तंत्रज्ञाचे काम येथे संपते आणि इतिहासकाराचे सुरू होते.

७. किल्लीचा प्रश्न

वरील सर्व पायऱ्या यशस्वी होऊनही मुद्रण पाहता येईलच असे नाही. सशुल्क सेवांच्या बॉक्समध्ये कार्यक्रम बहुधा सांकेतिक रूपात साठविलेले असतात व त्यांची किल्ली त्या विशिष्ट बॉक्सशी किंवा त्यातील कार्डाशी बांधलेली असते. डिस्कची अचूक नक्कल मिळते, पण ती बंद पेटीची नक्कल असते. अशा वेळी डिस्कपेक्षा बॉक्स दुरुस्त करणे हाच व्यवहार्य मार्ग ठरतो. मूळ डिस्क मूळ बॉक्समध्येच ठेवून वीजपुरवठ्याचा भाग बदलावा आणि कार्यक्रम चालवून जुन्या पद्धतीच्या चित्र-ध्वनी तारेने दुसऱ्या यंत्रावर उतरवून घ्यावा. एका तासाच्या कार्यक्रमास एक तास लागतो. बंद पडलेला बॉक्स परत करून नवा घेणाऱ्या घरात हा मार्ग कायमचा बंद होतो.

ग्रामीण भागाच्या दृष्टीने येथे एक लक्षणीय विरोधाभास दिसतो. २००४ मध्ये सुरू झालेल्या दूरदर्शनच्या निःशुल्क डीटीएच सेवेचे (आताचे डीडी फ्री डिश) अनेक स्वस्त बॉक्स पेनड्राइव्हवर कार्यक्रम साठवू शकतात. निःशुल्क वाहिन्यांना संकेतबंधन नसल्यास ती मुद्रणे साध्या संगणकावर उघडतात. म्हणजे महागड्या यंत्रातील संग्रह बॉक्सबरोबर मरतो आणि गावातील साध्या बॉक्सचा पेनड्राइव्ह वाचता येतो.

कायद्याच्या दृष्टीने पाहता, स्वामित्वहक्क अधिनियम १९५७ च्या कलम ३७ नुसार प्रसारण संस्थेचा हक्क २५ वर्षे टिकतो. परंतु कलम ३९ नुसार खासगी उपयोगासाठी अथवा प्रामाणिक अध्यापन-संशोधनासाठी केलेले मुद्रण त्या हक्काचा भंग ठरत नाही. २०१२ मध्ये समाविष्ट झालेले कलम ६५-अ हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक संरक्षण भेदणाऱ्यास दंडनीय ठरविते. यावरून घरगुती मुद्रण जपणे व अभ्यासणे हे गैर नसून त्याचे सार्वजनिक वितरण हा वेगळा प्रश्न आहे, हे लक्षात घ्यावे लागते.

८. साधन म्हणून मूल्यमापन

घरगुती मुद्रणाला काही मर्यादा आहेत. ते आरंभी व शेवटी तुटलेले असते, निवड घरातील माणसाच्या आवडीने झालेली असते आणि रेकॉर्डर परवडणाऱ्या घरांचेच प्रतिनिधित्व त्यात होते. ऊसतोडीसाठी वर्षातील काही महिने गाव सोडणाऱ्या कुटुंबाने अशी यंत्रे बाळगून संग्रह केला असण्याचा संभव कमी. तरीही त्यात जाहिराती, पडद्याखालची धावती पट्टी, मध्येच आलेली तातडीची बातमी असे जे वाहिन्यांच्या संपादित संग्रहात उरत नाही ते सापडते. कोणत्या घराने काय जपण्यायोग्य मानले, ही निवडसुद्धा इतिहासाची सामग्री आहे.

सूचना

१. महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी परिसरातील घरगुती कॅसेट, डिस्क व बॉक्स यांची सूची करावी; वस्तू ताब्यात घेण्यापूर्वी नोंद व्हावी.
२. प्रत्येक नोंदीत यंत्राचे नाव व प्रकार, सेवा सशुल्क की निःशुल्क, अंदाजे काळ आणि ज्ञात कार्यक्रम यांचा उल्लेख असावा.
३. डिस्क आणि तिचा बॉक्स, रिमोट व कार्ड यांची ताटातूट करू नये.
४. मिळालेल्या मुद्रणाच्या किमान दोन प्रती भिन्न ठिकाणी ठेवाव्यात. कौटुंबिक स्वरूपाचे मुद्रण कुटुंबाच्या संमतीशिवाय अभ्यासासाठी खुले करू नये.
५. दूरचित्रवाणी कार्यक्रमांच्या सक्तीच्या जतनाविषयी कायदेशीर तरतूद व्हावी.

निष्कर्ष

१. 'राजा हरिश्चंद्र'च्या रिळांपासून सेट-टॉप बॉक्सपर्यंतच्या उदाहरणांत मुद्रण हरवण्यास द्रव्याच्या नाशाइतकीच यंत्र, किल्ली व नोंद यांची ताटातूट कारणीभूत ठरली आहे. आग आणि पुसलेली फीत यांत द्रव्य वा त्यावरील मजकूरच नष्ट झाला. नादुरुस्त रेकॉर्डरमध्ये तो पुष्कळदा शिल्लक असतो. या मर्यादेत गृहीतक ग्राह्य ठरते.
२. नादुरुस्त रेकॉर्डरमधील कार्यक्रमांच्या पुनर्प्राप्तीचे यश तंत्रापेक्षा पहिल्या काही कृतींवर अवलंबून असते : यंत्र बंद ठेवणे, फॉरमॅट न करणे, नकलेवर काम करणे.
३. संकेतबद्ध मुद्रणाबाबत डिस्कची पुनर्प्राप्ती पुरेशी नसून बॉक्सची दुरुस्ती हा मार्ग उरतो व त्यासाठीची मुदत अल्प आहे.
४. सक्तीच्या जतनाची तरतूद नसल्याने बीडसारख्या जिल्ह्याच्या अलीकडील इतिहासाचा काही भाग घरातील यंत्रांवर अवलंबून आहे. राजवाड्यांना शंभर वर्षांपूर्वीचे कागद रुमालात सापडले. हार्ड डिस्क तेवढी वाट पाहणार नाही. म्हणून माळ्यावरील बंद बॉक्स भंगारात देण्यापूर्वी त्याची नोंद होणे, ही या क्षेत्रातील संशोधनाची पहिली गरज आहे.